आमच्या बोलण्यावरचा शोधनिबंध आमच्यापर्यंत का येत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं झालंय, जागेसाठी कापलंत तरी चालेल, फक्त कुपवाडचा, म्हणजे आमच्या सांगलीजवळच्या गावाच्या बोलण्याचा, भाग तेवढा ठेवा, त्याच्यासाठीच सगळं लिहितेय.

मी मिरज तालुक्यातली, हायस्कूलला ३१ वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेली बाई. आणि आमच्या घरात कन्नड बोलतात. पुण्यामुंबईच्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं, मराठीच्या बाई आणि घरात कन्नड कसं काय म्हणून, पण इकडं मिरज, शिरोळ, जत भागात अशी कितीतरी घरं आहेत, जैनांची, लिंगायतांची, पिढ्यान्पिढ्या इथलीच, सातबारा इथला, मतदान इथलं, पोरं मराठी शाळेत आणि चुलीपुढं मात्र कन्नड. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा आमच्याशी कन्नड बोलायची, बाजारात मराठी, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या चाचींशी त्यांच्या इकडच्या उर्दूत, आणि ह्यातलं काही शिकायला ती कुठं गेली नव्हती, तिला सही करायला मी शिकवली.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हापासून तुमच्या पेपरात भाषेवरची पत्रं मी एकही न चुकवता वाचते. पाट्या, शुद्धलेखन, बँकेत मराठी बोलत नाहीत, मग २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर आणि २९ जूनला तो मागं घेणं, सगळं झालं. हे विषय महत्त्वाचे आहेतच, मी स्वतः त्यावर लोकांशी तावातावानं बोललेय. पण भाषा म्हणजे फक्त सरकार आणि आपण यांच्यातलं भांडण नाही ना. एका गल्लीतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कुणाला अहो म्हणतात कुणाला अरे म्हणतात, कुणाच्या बोलण्याला हसतात, कुणाला आपल्यातलं समजतात, हे सगळं भाषेतच घडतं आणि त्यावर मराठी पेपरात फार कमी येतं. आणि मला दुखतं ते असं की ह्यावर अभ्यास झालेला आहे, आमच्याच मातीत झालेला आहे, जगभर शिकवला जातो, आणि आम्हाला त्याचा पत्ता नाही.

आता सांगते मला कसा लागला ते.

२००५ चा कृष्णेचा महापूर आठवत असेल. पूर ओसरला, शाळा परत सुरू झाली, वर्गात अजून चिखलाचा वास होता, तेव्हा मी आठवीला निबंध दिला, मी पाहिलेला पूर. एका मुलाच्या निबंधाची पहिलीच ओळ होती, "रात्री आमच्या गल्लीत नदी आलं." घरात उर्दू बोलणारं पोरगं. मी लाल पेनानं 'आलं' खोडून 'आली' केलं. खाली परत, "चार दिवसांनी नदी गेलं." परत खोडलं. पोरानं त्या निबंधात लिहिलं होतं की आजोबांना पाठीवर घेऊन बाप छातीएवढ्या पाण्यातून चालत गेला आणि शेळी सोडून द्यावी लागली, आणि मी त्याच्याखाली काय लिहिलं, तर "लिंग-वचन सुधारा." वही घ्यायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, आमच्या घरात सगळी असंच म्हणत्यात." मी म्हटलं, घरातलं घरात ठेवायचं, पेपरात नाही लिहायचं. मान डोलावून गेला. त्यानंतर निबंध दिला की पाच ओळींच्या पुढं त्यानं कधी लिहिलं नाही.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी, ती एम.ए.ला भाषाविज्ञान घेऊन शिकत होती, तिनं व्हॉट्सअॅपला एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "बाई, हे आपल्या कुपवाडवर आहे, आमच्या सिलॅबसला आहे, बघा." मी चष्मा लावून मोबाइलवर ते इंग्रजी वाचायला लागले, डोळे दुखले म्हणून पोराला सांगून झेरॉक्स काढून आणली.

जॉन गम्पर्झ नावाचे अमेरिकेतले मोठे भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर रॉबर्ट विल्सन. दोघांनी कुपवाडचा अभ्यास केला आणि तो १९७१ साली एका इंग्रजी ग्रंथात छापून आला. आज कुपवाड म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते आणि १९९८ पासूनची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, पण तेव्हा ते सुमारे ३००० वस्तीचं खेडं होतं. त्या एवढ्याशा गावात चार भाषा. जैन आणि लिंगायतांची कन्नड, मुसलमानांची उर्दू, दलितांची आणि इतर काही घरांची मराठी, आणि दोर वळणाऱ्या लोकांची तेलुगू. कन्नड आणि मराठी तिथं सहाशेच्या वर वर्षं शेजारी शेजारी नांदलेल्या, उर्दू तीन-चारशे वर्षं. आणि बहुतेक पुरुषांना एकापेक्षा जास्त भाषा येत होत्या.

ह्या अभ्यासात जी गोष्ट सापडली ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यांना असं दिसलं की ह्या भाषांचे शब्द वेगळेच राहिलेत, पण वाक्याची ठेवण इतकी एक झालीय की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत करता येतं. त्यांनी दिलेलं वाक्यच बघा. कुपवाडची उर्दू, "पाला जरा काट के ले के आया." कुपवाडची मराठी, "पाला जरा कापून घेऊन आलो." कुपवाडची कन्नड, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मी वाचलं ते असं, "तापला जरा खोदि तगोंडि बैन." बोट ठेवून वाचत गेलं तर तिन्हीत पहिल्याखाली पहिला, दुसऱ्याखाली दुसरा, आणि तो 'जरा' तर तिन्हीत तोच. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मला माझ्या परसातला आवाज ऐकू आला. अव्वा अशीच बोलायची. माझी धारवाडकडची मावससासू आमच्या कन्नडला नावं ठेवायची, ही कसली कन्नड, मराठीनं बाटलेली म्हणायची, आणि आम्ही गप्प बसायचो कारण आम्हालाही तसंच वाटायचं. आणि इथं एवढा मोठा माणूस लिहितोय की हे बाटलेलं नाही, ह्याला नियम आहेत, हे शेकडो वर्षांच्या शेजारातून घडलेलं व्याकरण आहे.

आणि मग पुढचं पान. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, माणूस असेल तर तो किंवा ती, बाकी सगळं ते. त्या अभ्यासात लिहिलंय की कुपवाडच्या उर्दूनं आणि मराठीनं हीच कन्नडची रीत उचलली. आणि उदाहरण काय दिलंय माहितीय का. नदी. एरवीची उर्दू 'नदी आई', कुपवाडची उर्दू 'नदी आया', कुपवाडची मराठी 'नदी आलं'.

मी ते कागद खाली ठेवले. मला त्या पोराची वही दिसायला लागली. मी जे दोनदा लाल पेनानं खोडलं होतं ते मी स्वतः शाळेत शिकत असताना जगाच्या ग्रंथात नियम म्हणून छापलेलं होतं. मुलाची चूक नव्हती हो ती. तो त्याच्या गल्लीचं व्याकरण अगदी बिनचूक लिहीत होता आणि त्याला चुकतंय म्हणून सांगणारी मी होते.

कुणी म्हणेल मग काय प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का. शिकवायची, मीच शिकवली आयुष्यभर, बोर्डाच्या पेपरात 'नदी आली'च लिहावं लागतं आणि पोरांना नोकरीला पुढं ते लागतं. पण मला हे पहिल्या वर्षी माहीत असतं तर मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली असती, म्हटलं असतं की हे आपल्या गावातलं, हे पुस्तकातलं, दोन्हींना नियम आहे, बघा कन्नडमध्ये कसं आहे उर्दूत कसं आहे, आणि वर्गातल्या पोरांनीच दहा उदाहरणं काढून दिली असती. एक तास गेला असता. त्या पोरानं त्या दिवशी मान खाली घातली नसती. मला बी.एड.ला बाल मानसशास्त्र शिकवलं, तक्ते करायला लावले, पण ज्या जिल्ह्यात शिकवणार तिथली पोरं घरी काय बोलतात हे कुणी काढलंच नाही.

ह्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला व्याकरणापेक्षा मोठी वाटते. एवढी वाक्यं एक झाली, तर भाषाच एक का नाही झाली? सहाशे वर्षं कमी आहेत का? त्यांचं म्हणणं असं की बाहेर, शेतात, बाजारात, कामावर लोक एकमेकांत मिसळत होते म्हणून व्याकरण एक झालं, पण घराचा उंबरा वेगळा राहिला. रोटी नाही, बेटी नाही. घरात कोण कुठली भाषा बोलतं ह्यावरून तो कोण हे ठरायचं, म्हणून घरातली भाषा कुणी सोडली नाही. आणि गावात चार वेगळ्या घरची माणसं एकत्र बोलायला बसली की मराठीत बोलायची, कारण तिथल्या बड्या जमीनदार घरांपैकी कुणाचीच ती घरातली भाषा नव्हती, म्हणून कुणाचा वरचष्मा वाटायचा नाही. हे वाचून मी किती वेळ विचार करत बसले. आमच्या गावच्या पारावर मी लहानपणी हेच बघितलंय, वडील आणि त्यांचे जैन दोस्त आपसात कन्नड बोलत बसलेले असायचे, तेवढ्यात मुल्लाणी किंवा कुणी महारवाड्यातलं आलं की सगळे आपोआप मराठीवर यायचे, कुणी सांगायचं नाही. मला ते मोठेपण वाटायचं, आलेल्या माणसाला कळावं म्हणून. ते होतंच. पण त्याचबरोबर त्याचा अर्थ असाही होता की कन्नड ही आत यायची भाषा आहे आणि तू आतला नाहीस. आलेल्या माणसाला कन्नड व्यवस्थित येत असायची, तरीही.

मराठीत आपल्याकडं 'आपण' आणि 'आम्ही' दोन वेगळे आहेत, हिंदीत सगळं 'हम'. ऐकणारा धरून आपण, ऐकणारा सोडून आम्ही. शाळेत मी हे सर्वनाम म्हणून शिकवलं, कंटाळवाणं. पण आपल्या बोलण्यात ह्याच 'आपण'चं काय होतं बघा. "मुलगा चांगला आहे हो, पण आपल्यातला आहे का?" ह्या 'आपल्यातला'चा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जात हा शब्दच न उच्चारता जात विचारायची सोय त्या सर्वनामात आहे. "तुमच्यात हळदीला काय करतात?" "आमच्यात नाही चालत हे." हळदीकुंकवाला, लग्नाच्या बैठकीत, भाड्यानं घर देताना हीच तीन सर्वनामं फिरत असतात. घर भाड्यानं देणारे म्हणतात, "आपल्यातलं कुणी असेल तर सांगा." असं कुणी म्हटलं तर आपण ते सहज म्हणून सोडून देतो, मीसुद्धा सोडलंय. आमच्या पिढीच्या बायकांना आठवत असेल, शेतावर यायची ती वयानं बापाएवढी माणसं आणि घरातलं दहा वर्षांचं पोरगं त्यांना अरे-तुरे करायचं, नावाला 'या' लावून हाक मारायचं, राम असेल तर राम्या, आणि तीच माणसं त्या पोराला अहो मालक म्हणायची. हे कुणी कायद्यानं लावलेलं नव्हतं, भाषेनंच लावलेलं होतं, पोरगं बोलायला शिकतानाच ते शिकायचं. आज कमी झालंय, पण गेलंय असं मला म्हणवत नाही.

ह्याच गम्पर्झनी त्याच्या आधी उत्तर प्रदेशात खालापूर म्हणून एका गावाचा अभ्यास केलेला, तो १९५८ ला छापून आला. तिथंही बोलण्यातले फरक जातीवर गेलेले दिसले, स्पृश्यांची बोली एक आणि अस्पृश्य ठरवलेल्यांच्या बोली वेगळ्या. आता ही माणसं रोज कामाला एकमेकांसमोर येत होती, मग बोलणं एक का होत नव्हतं? तर कामाच्या निमित्तानं दिवसभर एकत्र असलं म्हणून बोली एक होत नाही, बरोबर खेळणं, बसणं-उठणं, दोस्ती असेल तर होते. पासष्टच्या वर वर्षं झाली ह्याला. एवढी साधी आणि एवढी महत्त्वाची गोष्ट, शाळेत बाकावर कुणाशेजारी कुणाला बसवायचं इथपर्यंत तिचा उपयोग आहे, आणि ती मला वयाच्या साठीनंतर एका विद्यार्थिनीच्या व्हॉट्सअॅपवरून कळली.

आता छापण्याबद्दल बोलते, कारण माझी खरी तक्रार ती आहे.

कुपवाडवर पुढंही काम झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी परत कुपवाडकडं बघून त्या जुन्या मांडणीची तपासणी केली, तो पेपर, म्हणजे शोधनिबंध, २०१६ ला आला. मी तो शोधायला गेले. नाव सापडलं, पहिला परिच्छेद वाचायला मिळाला, आणि मग खाली पैसे भरा. असल्या जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांत, एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागतात, म्हणजे आपले अडीच-साडेतीन हजार. पंचवीस-तीस पानांना! एवढ्यात आमच्या वाचनालयाची वर्षाची मासिकं येतील. मी त्या बाईंना दोष देत नाही, अजिबात नाही, किंमत लेखक ठरवत नाही आणि त्यातला रुपयाही लेखकाला मिळत नाही, उलट सगळं काम तोच करतो, तपासणारे प्राध्यापकही फुकट तपासतात. मी म्हणतेय ते एवढंच की कुपवाडच्या माणसानं बोलून दाखवलं, पुण्याच्या बाईंनी अभ्यास केला, आणि ते वाचायला कुपवाडच्या माणसानं परदेशी कंपनीला डॉलर भरायचे, शिवाय इंग्रजी यायला पाहिजे, तेसुद्धा भाषाविज्ञानाचं इंग्रजी.

केंद्र सरकारनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नलांची वर्गणी सरकारनंच भरायची योजना, काढलंय ना, असं आमच्या ओळखीतले एक प्राध्यापक म्हणाले. काढलंय आणि चांगलं केलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी, तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३ हजार जर्नल्स, ६३०० च्या वर संस्था. पण ते सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्थांतल्या लोकांना. हायस्कूलच्या शिक्षकाला नाही, जिल्हा परिषदेच्या गुरुजींना नाही, रिटायर माणसाला नाही, पेपरवाल्याला नाही, गावच्या वाचनालयाला नाही. ज्यांच्या बोलण्यावर लिहिलंय त्यांना तर नाहीच. आपलेच ६००० कोटी आणि दार बंदच. आणि समजा उघडलं तरी आत सगळं इंग्रजीत, मराठीत त्याचा एक कागदसुद्धा नाही.

मग मराठीत का लिहीत नाहीत? माझ्या त्या विद्यार्थिनीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, मराठीत लिहिलेलं कोण मोजतं?" नोकरीच्या मुलाखतीत, बढतीत, इंग्रजी जर्नलचं नाव बघतात. मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, केअर लिस्ट काढली होती, २०१९ पासून, ह्या यादीतल्या जर्नलमध्ये छापलं तरच धरायचं. फेब्रुवारी २०२५ ला ती बंद करून टाकली आणि आता संस्थांनी आपलं आपण ठरवायचं. यादी होती तेव्हा मराठी नियतकालिकं त्यात यायला धडपडत होती, कारण यादीत नाव नाही म्हणजे लेख येणं बंद. आणि नोकरी-बढतीसाठी छापलेल्या लेखांना जे पॉइंट मिळतात त्यांच्या धावपळीत दुसरंच पीक आलं. माझ्या पुतण्याला पीएच.डी.च्या वेळी पेपर छापून आणणं सक्तीचं होतं, ती अट नंतर २०२२ च्या नियमांत काढली, पण त्याच्या वेळी होती, तर त्याला मेल आला की अमुक रुपये भरा, आठ दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून सर्टिफिकेटसह. त्यानं भरले. काय करणार, मुदत संपत आलेली. लेख वाचला मी त्याचा, विषय चांगला होता, ऊसतोड कामगारांच्या तळावरची मुलं घरी काय बोलतात आणि शाळेत काय, पण कुणी एकानं वाचून सुधारला नव्हता, मराठीचं कच्चं इंग्रजी केलेलं, शीर्षकातच चूक. त्यानं दोन हंगाम तळावर जाऊन बसून जे ऐकलं ते त्या कागदात पुरून टाकलं गेलं, कुणीही कधी वाचणार नाही. मराठीत लिहिलं असतं तर इथल्या शंभर शिक्षकांनी तरी वाचलं असतं, मी स्वतः वाटलं असतं.

मराठीत हे होत नाही हे मला कुणी सांगू नये. इरावती कर्व्यांनी मराठी लोकांची संस्कृती मराठीत लिहिली, १९५१ ला, आणि त्या बाई इंग्रजीतही तेवढ्याच ताकदीनं लिहायच्या. विठ्ठल रामजी शिंदे, मूळ जमखंडीचे, म्हणजे आमच्यासारखेच कन्नड-मराठी दोन्ही कानांवर पडलेले, त्यांनी कन्नड आणि मराठीच्या नात्यावर मराठीतच लिहिलं. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' १९८३ पासून आहे, नावातच दोन्ही आहे बघा. गणेश देवींच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडेंनी संपादित केला तो मराठीत आला, त्यात ज्या बोलींची नावं आपल्याला माहीत नव्हती त्यांच्यातलीच माणसं लिहायला बसली. आणि ज्या डेक्कन कॉलेजचं मी वर म्हटलं त्यांनीच राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ते इंटरनेटवर फुकट ठेवलंय, मराठीत आहे, नकाशे आहेत, लोकांचे आवाज ऐकायला मिळतात. मी एका संध्याकाळी ते उघडून बसले ते रात्री अकरा वाजले. म्हणजे इच्छा असेल तर सगळं होतं, पैसाही आपलाच असतो.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. माझी त्यांना आणि बाकी विद्यापीठांना हात जोडून विनंती आहे, आणि तुमच्या पेपरमार्फत करतेय म्हणजे कुणाच्या तरी डोळ्याखालून जाईल. ज्या गावावर, ज्या समाजाच्या बोलण्यावर पेपर लिहिला, त्याचा चार पानांचा मराठी सारांश लिहिल्याशिवाय तो पेपर पूर्ण झाला असं धरू नका. तो सारांश त्या गावच्या वाचनालयात आणि शाळेत गेला पाहिजे. त्या चार पानांना पॉइंट द्या, इंग्रजी पेपरला देता तेवढे नको पण द्या, म्हणजे पोरं लिहितील. डी.एड., बी.एड.ला त्या त्या जिल्ह्यातल्या बोलींचा एक भाग ठेवा, सांगलीला कुपवाड, नंदुरबारला भिली, सिंधुदुर्गाला मालवणी, तिथलं तिथं. आणि संपादक साहेब तुमच्याकडं एक मागणं, राशिभविष्य रोज येतं, येऊ दे, पण आठवड्याला अर्धा कॉलम द्या की कुठल्या अभ्यासात आपल्या बोलण्याबद्दल काय सापडलंय. लिहिणारे मिळतील. नाही मिळाले तर माझी विद्यार्थिनी आहे, मी तिच्या मागं लागते.

शेवटी एक सांगते. मागच्या श्रावणात मी त्या पेपरातली ती तीन वाक्यं आमच्या शेजारच्या चाचींना वाचून दाखवली, त्या आता ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकायला जरा कमी येतं म्हणून कानाजवळ जाऊन वाचलं. "पाला जरा काट के ले के आया." त्या हसल्या, म्हणाल्या, "हौ, ऐसाच बोलते." मग कन्नड वाचलं, ते पण बरोबर म्हणाल्या. मी सांगितलं की हे अमेरिकेत पोरं शिकतात. त्यांना ते फारसं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "कौनसा पाला? बकरी का या भाजी का?" मी इंग्रजी अर्थ परत बघितला, तिथं नुसतं हिरवा पाला कापून आणला एवढंच होतं. आमच्याकडं ह्या दोन पाल्यांत केवढा फरक आहे, एक आणतं घरचं पोर आणि एक आणते भाजी करणारी बाई, आणि वाक्यातला आणणारा पुरुष आहे म्हणजे बहुतेक बकरीचाच. चाचींनी दुसरं विचारलं, "बोल्या कौन?" कुणाचं वाक्य आहे हे, कुपवाडातल्या कुणाच्या घरातलं? त्यांची मावशी तिथं दिलेली होती, त्यांना वाटलं ओळखीचं कुणी निघेल. मी सगळी पानं परत चाळली, नाव मला कुठं दिसलं नाही. चाची म्हणाल्या वाचनालयात ठेव, कुपवाडचं कुणीतरी म्हातारं येईल, त्याला आठवेल.

झेरॉक्स मी गावच्या वाचनालयात ठेवलीय, आणि त्याच्यावर मराठीत चार पानं लिहून पिन मारलीय.

आपली,
एक वाचक, मिरज तालुका